नार्वे येथील धारालिंग

लिंग म्हणजे चिन्ह. जे दिसत नाही त्याची ओळख पटविणारी खूण, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. नार्वे येथील श्रीसप्तकोटीश्वराच्या लिंगाच्या अंगावर उभे पैलू असल्यामुळे त्यास धारालिंग म्हणतात.

गोव्याच्या कदंब राजांचे हे कुलदैवत. ‘सप्तकोटीश्वराचा वरप्रसाद लाभलेला’ हे बिरुद त्यांनी आपल्या सुवर्णनाण्यांवरही कोरविले. दिवाडी बेटावरील मूळ देवालय बहामनी अंमलात उद्ध्वस्त झाले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडले आणि लिंगाचा उपयोग विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामी केला. तेथून भाविकांनी ते रात्री गुप्तपणे नदीपार नार्व्यास आणले, असे परंपरा सांगते. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी 1668 साली आरंभिला. दारावरील शिलालेख त्याची साक्ष देतो. अलीकडे शासनाने डागडुजी करून 2023 साली देवालय पुन्हा भाविकांस खुले केले.

विहिरीवर असताना त्या पाषाणाचे देवत्व कोठे गेले होते? हिंदू कायदा देवतेस व्यक्ती मानतो. तिचा हक्क देवालयाच्या भिंतींबरोबर कोसळत नाही. श्रद्धेचा निवाडाही तोच आहे. दोर ओढणाऱ्यास तेथे केवळ दगड दिसला. ज्यांनी जीव धोक्यात घालून तो उचलला, त्यांना त्यातील खूण वाचता येत होती. चिन्ह दगडात असते; अर्थ मात्र ते जपणाऱ्यांच्या अंतःकरणात नांदतो.