'द सेनेटर': एका मोसमाची मालिका

पडद्यावरचा राजकारणी म्हणजे खलनायक, हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की प्रामाणिक राजकारणी दिसला तर मी आधी शंकाच घेतो. १९७० साली अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर आलेली 'द सेनेटर' पाहताना तसंच झालं. 'द बोल्ड वन्स' या एकाच नावाखाली डॉक्टरांची, वकिलांची आणि ही, अशा तीन मालिका आलटून-पालटून दाखवत. हॅल होलब्रुक यांनी हेज स्टो हा तरुण सेनेटर केला होता. प्रदूषणावरचा एक आरंभीचा चित्रपट आणि मग आठ भाग, एवढाच तिचा जीव.

त्या आठांतले दोन भाग मिळून एकच कथा आहे. विद्यापीठात नॅशनल गार्डचे जवान विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडतात आणि चौकशी आयोगाची धुरा स्टोकडे येते. तो भाषण ठोकत नाही, ऐकत बसतो. प्रत्येक साक्षीदाराची हकिकत वेगळी, आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटते. उर्दूत 'शहादत' म्हणजे साक्षही आणि हौतात्म्यही. मराठीत त्यासाठी दोन शब्द लागतात. वर्गात मुलांना हा फरक सांगताना मला हेच भाग आठवतात.

ही कथा हवेतून आली नव्हती. ४ मे १९७० रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात गार्डने १३ सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या होत्या. चार विद्यार्थी मेले, नऊ जखमी झाले. मेलेल्यांपैकी दोघे तर निदर्शनातही नव्हते. खऱ्या घटनेची जखम ओली असताना, त्याच वर्षी, मालिकेने हा विषय घेतला.

खराही आयोग नेमला गेला, विल्यम स्क्रँटन यांचा. हा गोळीबार अनावश्यक आणि अक्षम्य होता, असं त्याने स्पष्ट लिहिलं. पुढे आठ जवानांवर खटला भरला, तो १९७४ मध्ये न्यायाधीशांनीच काढून टाकला. १९७९ मध्ये ६,७५,००० डॉलर आणि खेदाचं एक निवेदन, एवढ्यावर तडजोड झाली. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल ज्यांनी वाचलाय, त्यांना मी वेगळं काय सांगू?

१९७१ मध्ये या मालिकेला पाच एमी पुरस्कार मिळाले, सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा धरून. होलब्रुक यांनाही मिळाला. दुसरा मोसम मात्र आला नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. केंटनंतर अकराच दिवसांनी मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट या काळ्या विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात पोलिसांनी गोळीबार केला आणि दोघांना मारलं. स्क्रँटन आयोगाने त्याचीही चौकशी केली, पण केंट जगाला पाठ आहे आणि जॅक्सन शोधावं लागतं. त्या दोघांतला जेम्स ग्रीन तर महाविद्यालयातही नव्हता. १७ वर्षांचा शाळकरी मुलगा, दुकानातलं काम आटोपून घरी चालला होता.