न विकली गेलेली मुंबईची बोट

"उत्तम स्थितीतली, लांब पल्ल्याची मोटरसेलर विकणे आहे." परदेशात जुन्या बोटींच्या जाहिराती साधारण अशा सुरू होतात. मोटरसेलर म्हणजे शीड आणि दणकट इंजिन दोन्ही असलेली बोट. वारा असला की शिडावर, पडला की डिझेलवर. खाली लांबलचक यादी: इंजिन किती तास चाललंय, टाकी किती लिटरची, शिडं किती जुनी, रेडिओ कोणता, आपोआप सुकाणू धरणारं यंत्र आहे की नाही. आपण सेकंडहँड बाईक घेताना "सिंगल ओनर, शोरूम मेन्टेन्ड" वाचतो ना, तसंच.

आता येडशीच्या माणसाने बोटींवर लिहावं म्हणजे जरा अतीच! आमच्याकडे वाहतं पाणी म्हणजे रामलिंगचा धबधबा, तोही पावसाळ्यापुरता. पण येडशीच्या पूर्वेला जवळच तेर आहे. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगरचा उल्लेख आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, जिथून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई. तिकडून येणारी जहाजं साधारण जुलैत इजिप्त सोडत आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यावर भारतात येत. परत जाताना हिवाळ्यात उलट वारा. म्हणजे जो वारा आमच्याकडे येईपर्यंत अर्धा कोरडा होतो, त्याच्याच टाइमटेबलवर आमच्या कापडाचं एक्स्पोर्ट चालायचं. वारा फुकट, पण त्याच्या सवडीने. घाई असणाऱ्याने काय करायचं?

याचं एक उत्तर मुंबईत तयार झालं, १८२९ साली. 'ह्यू लिंडसे' नावाचं ४११ टनांचं जहाज मुंबईच्या गोदीत बांधलं गेलं. ८० अश्वशक्तीची दोन वाफेची इंजिनं, आणि सोबत शिडंही. एका अर्थी मोटरसेलरची पणजीच. २० मार्च १८३० ला ती मुंबईहून सुएझला निघाली. गोची अशी होती की तिच्यात साधारण साडेपाच दिवसांचा कोळसा ठेवायची सोय, आणि पहिला थांबा एडन, अकरा दिवसांवर! मग जिथे जागा मिळेल तिथे, अगदी प्रवाशांच्या खोल्यांतसुद्धा कोळसा भरला. एडनला पोचली तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा उरला होता. सुएझपर्यंतच्या सुमारे ३३ दिवसांतला मोठा भाग वाटेत कोळसा भरण्यातच गेला. पुढे १८३९ साली इंग्रजांनी एडन जिंकून घेतलं. त्यामागे जी कारणं होती त्यांत आगबोटींसाठी कोळशाचं ठाणं हे एक मोठं. वाऱ्याला मालक नसतो, कोळशाला असतो. इंजिन आलं की इंधन आलं, इंधन आलं की ते साठवायची जागा आली, आणि जागा आली की राजकारण आलंच.

असो. आता मुद्द्याची बोट.

साल १९६३. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाचा तरुण इंग्रज अधिकारी ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत नोकरीला होता, मुंबई ते इराणचं आखात या मार्गावर. त्याला स्वतःची बोट हवी होती, आणि मुंबईत सागवान आणि ते घडवणारे सुतार दोन्ही होते. वाडिया घराण्याने इथे बांधलेली सागवानी जहाजं जगभर फिरली होती. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगत्या अवस्थेत बघायला मिळतं. म्हणजे क्वालिटीबद्दल शंका नव्हती.

नकाशे इंग्लंडहून मागवले. आले ते मात्र भलत्याच बोटीचे, १९२० च्या दशकातल्या 'एरिक' नावाच्या जुन्या डिझाइनचे. मुळात नॉर्वेच्या बचावनौकांवरून बेतलेलं. आखूड, जाड, दोन्ही टोकांना निमुळतं. वेग बेताचाच, पण मजबूत. पुन्हा पत्रव्यवहार करत बसण्यापेक्षा हेच बांधू, असं ठरलं. (क्लायंटने चुकीचं स्पेसिफिकेशन पाठवावं आणि टीमने तेच उत्तम बनवून द्यावं, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना नवीन नसेल.)

बोट कुलाब्यात बांधली गेली. फळी तासायला वाकस, भोकं पाडायला दोरीने फिरवायचा सामता. लांबी ३२ फूट, म्हणजे आपल्या एसटीपेक्षा अगदी उन्नीस-बीस. दोन डोलकाठ्या आणि पोटात एक डिझेल इंजिन. डिसेंबर १९६४ मध्ये नारळ फोडून ती पाण्यात उतरवली. नाव ठेवलं 'सुहेली', आखातातले अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला देतात ते नाव. पुढच्या वर्षाच्या शेवटी रॉबिन, त्याचा भाऊ आणि एक मित्र तिला घेऊन निघाले. आफ्रिकेत पैसे संपले, मिळेल ती कामं केली, आणि केपटाऊनपासून पुढे न थांबता ७४ दिवसांत इंग्लंड गाठलं.

तोवर इंग्लंडमध्ये एक नवीन वेड सुरू झालं होतं. १९६७ साली फ्रान्सिस चिचेस्टर एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले होते, पण वाटेत सिडनीला थांबून. आता उरलं होतं एकच: एकट्याने, कुठेही न थांबता, बाहेरची मदत न घेता. 'संडे टाइम्स'ने स्पर्धाच जाहीर केली. पहिल्या परतणाऱ्याला गोल्डन ग्लोब, सर्वांत कमी वेळ घेणाऱ्याला ५,००० पौंड.

रॉबिनला यासाठी सुहेली नको होती. त्याने ५३ फुटी, पोलादी, वेगवान बोटीचं डिझाइन करून घेतलं होतं. पण पैसे? कंपन्यांना पत्रं लिहिली, नकार आले. शेवटी सुहेलीच विकायला काढली.

ती विकली गेली नाही.

खरेदीदाराच्या नजरेने बघा. जुनाट डिझाइन, हळू बोट, हाताने बांधलेली, तीही मुंबईत. जाहिरातीच्या यादीत ती कुठल्याच रकान्यात चमकणारी नव्हती. मग आहे तीच घेऊन जाऊ, असं म्हणत १४ जून १९६८ ला रॉबिन फालमथ बंदरातून निघाला.

यापुढचा भाग मला एखाद्या सिस्टिमच्या फेल्युअर लॉगसारखा वाटतो. सुरुवातीलाच, केप व्हर्डे बेटांच्या आसपास, बोटीच्या तळाच्या सांध्यातून पाणी यायला लागलं. पठ्ठ्याने पाण्यात उतरून, श्वास रोखून, फटीत कापूस ठासला आणि वरून कॅनव्हास व तांब्याची पट्टी ठोकली. मध्येच शार्क आला, त्याला बंदुकीने मारून काम पुढे चालू. दक्षिण महासागरात एका वादळात बोट आडवी झाली, केबिनचा सांगाडा हलला, टाकीतलं पिण्याचं पाणी खराब झालं. पुढे पावसाच्या पाण्यावर भागवलं. रेडिओवरून संदेश पाठवणं बंद पडलं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडून गेलं. इंजिनही गंजून जाम झालं.

थोडक्यात, जाहिरातीत ठळक अक्षरांत छापावी अशी प्रत्येक गोष्ट एकामागून एक गेली. उरलं काय? सागवान, शिडं आणि ते जुनाट डिझाइन. सुकाणूचं यंत्र गेल्यावर त्याने शिडांचा तोल असा साधला की बोट आपली आपण दिशा धरून चालायची. वेगवान, नाजूक बोटीला हे इतकं सहज जमलं नसतं. १७ जानेवारी १९६९ ला केप हॉर्न ओलांडलं आणि २२ एप्रिलला, ३१२ दिवसांनी, सुहेली फालमथला परतली. कस्टमवाल्याने नियमाप्रमाणे विचारलं, कुठून आलात? उत्तर होतं, फालमथहून!

स्पर्धेत उतरलेल्या नऊ जणांपैकी परत आला तो हा एकटा. आणि इथे आपल्या व्यवसायातल्या माणसाने जरा थांबावं अशी एक गोष्ट आहे. स्पर्धकांत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचा इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार होता. त्याची तीन सांगाड्यांची बोट अगदी नवी होती. ती कलंडू लागली तर कॉम्प्युटर आपोआप हवेची पिशवी फुगवून तिला सावरणार, अशी योजना होती. तारा टाकल्या होत्या, पण त्यांच्या टोकाला कॉम्प्युटर नव्हताच. तो बांधून झालेलाच नव्हता. डेडलाइन होती ३१ ऑक्टोबर १९६८, आणि तो त्याच दिवशी निघाला. घर गहाण, प्रायोजकाचा तगादा, मागे फिरायची सोय नाही. दक्षिण महासागरात जायची बोटीची कुवत नाही हे कळल्यावर तो अटलांटिकमध्येच घुटमळत राहिला आणि खोटी ठिकाणं कळवत राहिला. जुलै १९६९ मध्ये त्याची बोट रिकामी सापडली. डेमो दाखवून रिलीज केलेल्या अर्धवट प्रॉडक्टची किंमत इथे एका माणसाच्या जिवाने मोजली गेली. रॉबिनने आपले बक्षिसाचे ५,००० पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

सुहेलीची गोष्ट पुढे पुन्हा आपल्याच किनाऱ्यावर आली. नौदलातले दिलीप दोंदे यांनी नॉक्स-जॉन्स्टन यांच्याबरोबर काम करून धडे घेतले, आणि गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात 'म्हादेई' बांधली गेली. या मोहिमेची कल्पना धरून बसलेले व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी तेव्हा निवृत्त होऊन फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहत होते. समुद्र तिथूनही दिसत नाही, हे येडशीकर म्हणून मला फार आवडतं! १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात चार थांबे घेत दोंदे यांनी एकट्याने प्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. त्याच बोटीतून अभिलाष टॉमी २०१३ साली न थांबता प्रदक्षिणा करून आले. दांडेकरांच्या यार्डानेच २०१७ साली सुहेलीची प्रतिकृती बांधली, 'तुरीया'. २०१८ च्या गोल्डन ग्लोब स्पर्धेत अभिलाष तिच्यातून उतरले, पण हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला जबर इजा झाली आणि बोट तिथेच सोडावी लागली. म्हणजे चांगली बोट हा काही विमा नव्हे. समुद्र डिझाइन बघून थांबत नाही.

मग चांगली बोट म्हणजे काय? मला वाटतं, जिच्यातलं सगळं बिघडल्यावरही जी माणसाला काहीतरी करायला जागा ठेवते, ती. एकट्या माणसाने बुडी मारून, हातातल्या हातोडीने तांब्याची पट्टी ठोकावी आणि ती धरावी, हे शक्य झालं कारण खाली ठोकण्यासारखं लाकूड होतं. ते लाकूड कुलाब्याच्या सुतारांनी तासलेलं होतं. जगाच्या इतिहासात नाव घेतलं जातं ते नाविकाचं, फार तर बोटीचं. सुतारांचा उल्लेख "मुंबईचे कारागीर" एवढाच, घाऊक.

१९६८ च्या बाजाराला त्या कामाची किंमत कळली नाही. कारण विक्रीच्या यादीत तासणाऱ्या हाताचा रकानाच नसतो.