एकशे साठ चौरस फूट आणि युनिव्हर्सिटीची डिग्री

बारावीचा निकाल लागला की आमच्या वरळीच्या बीडीडीत एक प्रश्न घरोघर फिरतो. परवा तो माझ्याकडे आला. शेजारी मुलीला घेऊन आले होते. हातात एका खाजगी युनिव्हर्सिटीचं चकचकीत माहितीपत्रक आणि शैक्षणिक कर्जाचा कागद. म्हणाले, "दादा, मुंबई युनिव्हर्सिटीचं काही खरं नाही म्हणतात. निकाल लागत नाहीत, कॉलेजात कोणी शिकवत नाही. नवीन घर मिळतंय, आता पोरीच्या शिक्षणात कशाला काटकसर करू?"

बाप म्हणून त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पण हा प्रश्न या चाळींपेक्षाही जुना आहे. आपल्यासारख्यांना ही युनिव्हर्सिटी कधी उपयोगी पडली आणि कधी नाही, हे मागे वळून बघितलं तर पुढचं ठरवणं सोपं जाईल. म्हणून थोडं लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा.

बॉम्बे युनिव्हर्सिटी स्थापन झाली १८ जुलै १८५७ला. त्याच वर्षी कलकत्ता आणि मद्रासच्याही झाल्या. तिन्हींचा नमुना लंडन युनिव्हर्सिटीचा होता. म्हणजे काय, तर युनिव्हर्सिटीने शिकवायचं नाही. शिकवणार कॉलेजं, युनिव्हर्सिटी फक्त परीक्षा घेणार आणि पदवी देणार. १८६२ साली पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर होते. ते शिकले एल्फिन्स्टन कॉलेजात, शिक्का मिळाला युनिव्हर्सिटीचा. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण आजचा निम्मा गोंधळ तिथूनच आला आहे. आपण "युनिव्हर्सिटी चांगली का?" असं विचारतो, तेव्हा आपण शिक्का मारणाऱ्याबद्दल विचारत असतो. शिकवणारा वेगळाच असतो.

फोर्टातला राजाबाई टॉवर तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. तो आणि त्याखालचं ग्रंथालय प्रेमचंद रायचंद यांच्या चार लाखांच्या देणगीतून उभं राहिलं. हा पैसा कापसाच्या तेजीतला. आणि आपल्या चाळी? १९२०मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर लावला होता. ५० हजार खोल्यांची योजना होती, झाल्या साधारण साडेसोळा हजार. एकट्या वरळीत १२१ इमारती. मजल्यावर मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना मिळून वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. म्हणजे टॉवरही कापसाचा आणि चाळही कापसाचीच. पण चाळीतून त्या टॉवरपर्यंत पोचायला आपल्या माणसांना फार वर्षं लागली.

का लागली? बुद्धी कमी होती म्हणून नक्कीच नाही. पदवी मिळवायला चार गोष्टी लागतात: वेळ, पैसा, जागा आणि शिकवणारा. युनिव्हर्सिटी यांतलं फारसं काही देत नव्हती. ज्यांच्या घरी हे सगळं होतं ते शिकले. बाकीच्यांना ते कोणीतरी बाहेरून मिळवून द्यावं लागलं.

आधी वेळेचं बघू. महात्मा फुल्यांनी हे सगळ्यात आधी ओळखलं. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात त्यांचा मुख्य भर प्राथमिक शिक्षणावर होता. पण एक मागणी युनिव्हर्सिटीबद्दलही होती. घरी अभ्यास करून प्रवेश परीक्षेला बसायची मुभा दिलीत हे चांगलं केलंत, तीच मुभा बी.ए., एम.ए.लाही द्या, असं त्यांनी सांगितलं. पोटासाठी दिवसभर राबणारा माणूस दुपारी कॉलेजात बसू शकत नाही, ही साधी गोष्ट. मुंबई युनिव्हर्सिटीचा पत्राद्वारे शिक्षणाचा विभाग सुरू झाला तो १९७१ साली. मधे जवळजवळ नव्वद वर्षं गेली!

त्या नव्वद वर्षांत वेळेचा प्रश्न खऱ्या अर्थाने सोडवला तो बाबासाहेबांनी. १९४५ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि जून १९४६मध्ये सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं. नोकरी करणाऱ्या मुलांना जमावं म्हणून वर्ग सकाळचे. पुढे कॉलेज फोर्टात आलं, कचेऱ्यांच्या ऐन वस्तीत. पहाटे वरळी नाक्यावरून बस पकडायची, लेक्चर करायची आणि तिथूनच चालत ऑफिसात हजर व्हायचं. आपल्या चाळींतल्या कितीतरी घरांतली पहिली पदवी अशीच आली. शिक्का त्याच युनिव्हर्सिटीचा होता. बदललं होतं ते कॉलेजचं घड्याळ.

आता पैसा. बाबासाहेब स्वतः परळच्या चाळीतून शिकले. १९०७ला मॅट्रिक, १९१२ला एल्फिन्स्टनमधून बी.ए. मधे शिक्षण अडतंय असं दिसल्यावर कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजी त्यांना सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. एका गुरुजींनी शब्द टाकला नसता तर काय झालं असतं, याचा विचार करा. म्हणूनच पुढे कायदेमंडळात १९२७ला युनिव्हर्सिटीच्या विधेयकावर बोलताना त्यांनी आग्रह धरला की उच्च शिक्षण गरिबाच्या दारापर्यंत नेणं हे युनिव्हर्सिटीचं कामच आहे. १९४४ला अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्रात १९५९पासून ईबीसी सवलत आली. २५ रुपये एका मुलाच्या नशिबात होते, या योजनांनी तो अनेकांचा हक्क झाला.

जागा. १६० चौरस फुटांत सहा-सात माणसं, त्यात बारावीचा अभ्यास कुठे करायचा? पॅसेजमध्ये, गच्चीवर, जांबोरी मैदानाच्या कडेला, नाहीतर एखाद्या मंडळाच्या अभ्यासिकेत. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहाचं नाव आपण दलित पँथरमुळे घेतो. पण घरात पाय पसरायला जागा नसलेल्या पोरांना तिथे खाट मिळाली आणि रात्रभर वाद घालायला सोबती मिळाले, हे त्या चळवळीच्या आधीचं सत्य आहे. जागा मिळाली की माणूस परीक्षेपुरतं वाचून थांबत नाही.

आणि शेवटी शिकवणारा. युनिव्हर्सिटीने स्वतः शिकवायचं ठरवलं तेव्हा तिने फार मोठं काम केलं. १९१९ला पॅट्रिक गेडीस यांना बोलावून समाजशास्त्राचा विभाग काढला, पुढे तो घुर्यांनी वाढवला. १९३३ला रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग निघाला, तोच माटुंग्याचा यूडीसीटी. गिरगावच्या चाळीत गरिबीत वाढलेले रघुनाथ माशेलकर तिथूनच १९६६ला इंजिनिअर आणि १९६९ला पीएच.डी. झाले. म्हणजे सरकारी युनिव्हर्सिटीत चांगलं शिकवलंच जात नाही, हे खोटं. पण सगळीकडे सारखं शिकवलं जातं, हेही खोटंच.

आता शेजाऱ्यांच्या तक्रारीकडे येतो. ती हवेतली नाही. २०१७मध्ये युनिव्हर्सिटीने पुरेशी तयारी न करता सगळ्या उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या. कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत लागायला हवेत ते निकाल महिनोन्‌महिने रखडले. पुढच्या प्रवेशाच्या तारखा निघून गेल्या, नोकऱ्या अडकल्या. शेवटी त्या ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून काढलं. पुढे २०२१ला याच युनिव्हर्सिटीला नॅकची 'ए प्लस प्लस' श्रेणी मिळाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्हे आणि शेकडो कॉलेजं एका छपराखाली असली की एकाच शब्दात निकाल देता येत नाही.

शिवाय ते छप्परही आता एक राहिलेलं नाही. रानडे, भांडारकर आणि बाबासाहेबांचं एल्फिन्स्टन कॉलेज २०१९पासून मुंबई युनिव्हर्सिटीत नाही. ते डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेलं. तीही सरकारीच युनिव्हर्सिटी. झेवियर्स, रुईया यांसारखी कॉलेजं स्वायत्त झालीत. तिथे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजची, पदवी मुंबई युनिव्हर्सिटीची. अशा कॉलेजचा निकाल कधी लागतो ते त्या कॉलेजवर अवलंबून असतं.

म्हणून मी शेजाऱ्यांना सांगितलं, माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि त्याच चार गोष्टी विचारा.

पैशाबद्दल विचारताना आधी बघा, कोर्स अनुदानित आहे की विनाअनुदानित. एकाच कॉलेजात, एकाच जिन्यावर दोन्ही असतात आणि फीमध्ये मोठा फरक पडतो. मग शिष्यवृत्ती. २०२४-२५पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. पण अभिमत आणि खाजगी स्वयंअर्थसहाय्यित युनिव्हर्सिट्या त्यात येत नाहीत! मॅनेजमेंट कोट्यातला प्रवेशही येत नाही. माहितीपत्रकात हे कोणी छापत नाही. प्रवेश घेण्याआधी महाडीबीटीवर त्या कोर्सचं नाव शोधा, फी भरून झाल्यावर शोधून उपयोग नाही.

शिकवणाऱ्यांबद्दल कॉलेजात जाऊन विचारा. त्या विषयाला कायमचे प्राध्यापक किती, तासिका तत्त्वावरचे किती? आज अनेक अनुदानित कॉलेजांत जागा रिकाम्या आहेत, ही सरकारी शिक्षणाची खरी दुखती नस आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना कॅन्टीनमध्ये गाठा, दहा मिनिटांत सगळं कळतं.

वेळेचं म्हणजे मुलगी शिकता शिकता काम करणार आहे का, कॉलेज सकाळचं आहे का, प्रवासात किती वेळ जाणार. दादर-परळ-माटुंग्याचं कॉलेज अर्ध्या तासावर असेल तर रोजचे वाचलेले दोन तास हीसुद्धा कमाईच.

आणि जागा. १४ ऑगस्ट २०२५ला वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. बाकीचे वाट बघतायत. नव्या घरात मुलीला दार लावून बसता येईल अशी खोली आहे. पण मजल्यावरचा तो दादा, जो फॉर्म भरून द्यायचा, जुनी पुस्तकं द्यायचा, चुकलं तर ओरडायचा, तो आता तेविसाव्या मजल्यावर असेल. त्याला लिफ्टने जाऊन शोधावा लागेल.

सरकारी युनिव्हर्सिटी प्रत्येकाला मानवेल असं मी म्हणत नाही. तिथे कोणी हात धरून चालवत नाही. वर्गात शंभर मुलं असू शकतात, नोटीस बोर्ड स्वतः वाचावा लागतो, नोकरी स्वतः शोधावी लागते. हवा तो कोर्स तिथे चांगला नसेल आणि बाहेर तो खरोखर चांगला असेल, तर जरूर बाहेर जा. फक्त "सरकारी म्हणजे वाईट" या एका वाक्यावर चार वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊ नका. उलट, "स्वस्त आहे ना, मग बस झालं" म्हणून कुठल्याही कॉलेजात नाव घालू नका. आपल्या आधीच्या पिढीने जे कॉलेज मिळेल ते घेतलं, कारण पर्याय नव्हता. आपल्याकडे निवडायची सोय आहे, ती त्यांनी मिळवून दिलेली आहे.

मुलगी इतका वेळ गप्प होती. उठताना तिने एकच विचारलं, "काका, कायमचे प्राध्यापक किती ते मी विचारलं तर ते सांगतील?" मी म्हटलं, विचार की. ही सार्वजनिक युनिव्हर्सिटी आहे, तुझ्या-माझ्या कराच्या पैशावर चालते. तिथे विचारायचा हक्क आहे. नाही सांगितलं तर माहितीच्या अधिकारात अर्ज करायला मी येतो बरोबर.

सोमवारी आम्ही तिघं दोन कॉलेजांत जाणार आहोत. काय उत्तर मिळालं ते इथेच लिहीन.

तोवर तुम्ही सांगा, तुमच्या घरातली पहिली पदवी कोणाची? कुठल्या कॉलेजची, आणि त्यासाठी वेळ, पैसा, जागा कोणी पुरवली? बारावीची पोरं वाचतील, त्यांना उपयोग होईल.