साचेखाते आणि भाड्याची खोली

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास लिहिताना भांडवल, कापूस आणि संप यांची सविस्तर नोंद होते. कामगार रात्री कुठे झोपत होता आणि ती जागा त्याला कोणाच्या ओळखीने मिळत होती, हा प्रश्न बहुधा वगळला जातो. दलितांच्या दृष्टीने हाच प्रश्न मूलभूत आहे. कारण या शहरात गिरणीतले खाते आणि चाळीतली खोली यांची वाटणी एकाच नियमाने झाली, आणि तो नियम जातीचा होता.

१८५६ साली ताडदेवला पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा सारा भाग गिरणगाव झाला. भरती जॉबरच्या हाती असे आणि पुष्कळदा खोलीही त्याच्याच शब्दावर मिळे. तो आपल्या गावची, आपल्या भावकीची माणसे आणी. गावची जातवार रचना अशी शहरात उतरली. साचेखात्यात पगार अधिक. पण तिथे धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे कारण सांगून अस्पृश्यांना मज्जाव होता. त्यांनी रिंगखात्यात कमी पगारावर राबायचे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्यांनाही उत्तर देणे जड गेले.

घराचा विटाळ याहून चिवट ठरला. १९१७ साली परदेशी शिक्षण घेऊन बडोद्याच्या नोकरीवर गेलेल्या बाबासाहेबांना पारशी सराईतून बाहेर काढण्यात आले आणि शहरात दुसरा आसरा मिळाला नाही. मुंबईत मात्र ते परळच्या बीआयटी चाळीत सुमारे दोन दशके राहिले. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची ही चाळ. पुढे १९२० नंतर सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ बीडीडी चाळी बांधल्या. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. या चाळी समतेसाठी उभ्या राहिल्या नव्हत्या. उद्योगाला मजूर हवे होते. तरीही भाडे सरकारकडे भरायचे होते, आणि मध्ये खाजगी मालकाचा सोवळेपणा नव्हता. शेजार मात्र सोपा नव्हता. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या याच चाळींत दंगल पेटली आणि पाठोपाठच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. पण खोली हक्काची होती, म्हणूनच माणसे तिथे पाय रोवून उभी राहिली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा महापालिका आणि म्हाडासाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो आक्रसला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. त्या जमिनींवर मनोरे आले.

अशाच एका इमारतीत मी भाड्याने जागा पाहत होतो. महाविद्यालयाचे पत्र, पगाराचा दाखला, अनामत रक्कम, सारे तयार होते. दलालाने आधी आडनाव विचारले, मग गाव, मग ‘नॉनव्हेज खाता का?’ दोन दिवसांनी निरोप आला की मालकाला आता जागा द्यायची नाही. त्याच जागेची जाहिरात पुढच्या आठवड्यात पुन्हा होती. माझ्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. पदवीने साचेखात्याचे दार उघडले असे म्हणावे, तर खोलीचे दार अजून जॉबरच्याच पद्धतीने उघडते.

कायदा नाही असे नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमात अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अडवणे हा गुन्हा आहे. पण नकार देणारा ‘जात’ हा शब्द उच्चारतच नाही. तो आहाराचे नाव घेतो, सोसायटीचे नियम दाखवतो. त्यातच अहमदाबादच्या, म्हणजे दुसऱ्या गिरणीनगरीच्या, एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. बहिष्कृतांच्या वस्तीला नाइलाज म्हणतात. वरच्यांनी आपल्याभोवती कुंपण घातले की ते संघटन-स्वातंत्र्य होते!

आज बीडीडी चाळी पाडून तिथल्या भाडेकरूंना ५०० चौरस फुटांची मालकीची घरे देण्याची योजना चालू आहे. त्यांचे ते न्याय्य पदरी पडत आहे. प्रश्न त्यांचा आहे जे उद्या खेड्यातून शिकायला, नोकरीला या शहरात येतील. त्यांच्यासाठी सरकारी भाड्याची नवी चाळ कुठेच नाही. शाळा, पाणवठा आणि मंदिर यांच्या जोडीला भाड्याचे सार्वजनिक घर ही मागणी दलित चळवळीने आपल्या कार्यक्रमात घेतली पाहिजे. दयाळू मालक शोधत फिरणे हा काही हक्क नव्हे.