वाल, नायट्रोजन आणि आहारशिक्षकाचा पेशा

मार्च 2021मध्ये संसदेने राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत अनेक आरोग्यव्यवसायांबरोबर आहारतज्ज्ञ आणि पोषणतज्ज्ञ यांचीही नोंद झाली. बातमी फारशी गाजली नाही. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते यांच्यासाठी वैधानिक परिषदा कित्येक दशके अस्तित्वात होत्या. काय खावे आणि का खावे हे शिकवणाऱ्यासाठी मात्र तशी परिषद नव्हती. 1963मध्ये स्थापन झालेल्या इंडियन डायेटेटिक असोसिएशनची परीक्षा देऊन ‘नोंदणीकृत आहारतज्ज्ञ’ होता येत असे. परंतु ती व्यवसायाने स्वतःहून स्वीकारलेली शिस्त होती, कायद्याचे बंधन नव्हे. ज्या देशात आहाराविषयी सल्ला देण्यास कोणीही मागे राहत नाही, तेथे हा फरक लहान नाही.

या पेशाचा भारतातील इतिहास बहुधा रुग्णालयांच्या स्वयंपाकघरापासून किंवा गृहविज्ञान महाविद्यालयांपासून सांगितला जातो. त्याची दुसरी सुरुवात बंगळुरूत, भारतीय विज्ञान संस्थेच्या जीवरसायन प्रयोगशाळेत सापडते, आणि तीच अधिक उद्बोधक आहे.

1933मध्ये कमला भागवत यांनी मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्राची पदवी उत्तम गुणांनी मिळवली आणि या संस्थेकडे प्रवेशासाठी अर्ज केला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, याच संस्थेचे जुने विद्यार्थी. घरात ‘टाटा इन्स्टिट्यूट’ हे नाव परके नव्हते. संस्थेचे संचालकपद त्याच वर्षी चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे आले होते. अर्ज फेटाळला गेला. कारण अर्जदार स्त्री होती. कमलाबाईंनी हा नकार मानला नाही. गांधींच्या सत्याग्रहाचा तो काळ होता. त्यांनी तेच साधन रामन यांच्या कार्यालयापुढे वापरले. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नव्हे तर परीक्षाधीन म्हणून काम करावे, मार्गदर्शक सांगतील तितक्या उशिरापर्यंत थांबावे आणि प्रयोगशाळेचे ‘वातावरण’ बिघडवू नये. वर्षभरानंतर कामाचा दर्जा पाहून रामन यांनी नियमित प्रवेश दिला आणि पुढे स्त्रियांसाठी संस्थेची दारे थोडी किलकिली झाली. अनेक दशकांनी एका सत्कारप्रसंगी बोलताना कमलाबाईंनी हा अपमान विसरता आलेला नाही हे स्पष्ट सांगितले.

रामन यांची प्रतिभा आणि रामन यांची ही भूमिका, दोन्ही ऐतिहासिक तथ्ये आहेत. एकाने दुसरे झाकले जाऊ नये. पदार्थविज्ञानाच्या वर्गांत रामन परिणाम शिकवला जातो तेव्हा ही कथा सहसा येत नाही. त्यांच्याच प्रयोगशाळेत 1940मध्ये आलेल्या अॅना मणी यांनी हिरे आणि माणकांच्या वर्णपटांवर भरीव संशोधन केले, प्रबंधही सादर केला, पण एम.एस्सी. नसल्याचे कारण देऊन मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. दार उघडले तरी उंबरठे शिल्लक होते.

कमलाबाईंचे मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या होते आणि विषय होता दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिने. हा विषय आज साधा वाटतो. त्या काळी तो तसा नव्हता. अन्नातील प्रथिने मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे नमुन्यातील एकूण नायट्रोजन मोजणे आणि त्या संख्येला 6.25ने गुणणे. या गुणाकारामागे एक गृहीतक आहे: प्रथिनांत सुमारे 16 टक्के नायट्रोजन असतो आणि अन्नातील सगळा नायट्रोजन प्रथिनांचाच असतो. दुसरा भाग नेहमीच खरा नसतो. सुटी अमिनो आम्ले आणि इतर लहान संयुगे यांतही नायट्रोजन असतो. श्रीनिवासय्या आणि भागवत यांचा ‘बायोकेमिकल जर्नल’मधील शोधनिबंध नेमका कडधान्यांतील या प्रथिनेतर नायट्रोजनाविषयी होता. डाळीच्या पाकिटावरील प्रथिनांचा आकडा वाचणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने हा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे: आकडा मोजमापातून येतो आणि मोजमापाला गृहीतके असतात.

1936मध्ये एम.एस्सी. झाल्यावर त्या केंब्रिजला गेल्या. तेथे फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या विभागात काम करून त्यांनी 1939मध्ये डॉक्टरेट मिळवली. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल मिळालेले ते हेच हॉपकिन्स. बटाट्यावर काम करताना कमलाबाईंना वनस्पतींच्या ऊतींत सायटोक्रोम-सी आढळले. पेशीतील श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवणारे हे प्रथिन वनस्पतींतही असते, हा निष्कर्ष महत्त्वाचा ठरला. प्रबंध जेमतेम 40 पानांचा होता, ही गोष्ट जाडजूड प्रबंधांच्या आजच्या युगात नमूद करण्याजोगी.

परत आल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात त्या जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यानंतर त्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक होत्या. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उभारलेल्या याच प्रयोगशाळेतून, वॉलेस एक्रॉइड यांच्या काळात, 1937मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची तक्तेवजा पुस्तिका निघाली होती. भारतातील प्रत्येक आहारशिक्षकाच्या हातात आज असणाऱ्या तक्त्यांची ती पूर्वज. प्रयोगशाळा 1958मध्ये हैदराबादला हलली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

1947मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन कमलाबाई मुंबईत आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायन शिकवू लागल्या. संस्थेचे संचालकपदही त्यांना पुढे मिळाले, पण मिळायला हवे होते त्याहून बरेच उशिरा. बंगळुरूत सुरू झालेला कडधान्यांचा प्रश्न येथे पुढच्या पायरीवर गेला. 1955मध्ये ‘नेचर’मध्ये सोहोनी आणि के. एस. आंबे यांनी वालापासून स्फटिकरूपात मिळवलेल्या ट्रिप्सिन-अवरोधकांची माहिती दिली. ट्रिप्सिन हे आतड्यात प्रथिने तोडणारे विकर. कच्च्या वालातील ही प्रथिने त्याच विकराला जखडतात. म्हणजे दाण्यात प्रथिने भरपूर असली तरी शरीराला ती सगळी मिळतीलच असे नाही. शिजवल्याने हा अडसर बराच कमी होतो. कोकणात वाल भिजवून, मोड आणून, सोलून डाळिंब्यांची उसळ करतात. बंगळुरूत हिवाळा आला की अवरेकाळूची रेलचेल होते. दाणा एकाच जातीचा, आणि दोन्हीकडे त्यावर बराच संस्कार केल्याशिवाय तो पानात येत नाही. दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या भगिनी. लोकसंस्कृतीच्या या अभ्यासक विदुषीने ‘खमंग’ नावाचे पाककृतींचे पुस्तक लिहिले होते हे येथे सहज आठवते.

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनींनी नीरेवर केलेले काम अधिक परिचित आहे. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले आणि गर्भवती स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर प्रकृतीत सुधारणा दिसली आणि या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पारितोषिक मिळाले. परंतु आहारशिक्षणाच्या दृष्टीने त्यानंतरची वर्षे अधिक बोलकी आहेत. 1966मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी स्थापन केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीत त्या सक्रिय राहिल्या, 1982-83मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात ग्राहकांसाठी लिहीत राहिल्या. मराठी वाचकांसाठी त्यांनी ‘आहार-गाथा’ लिहिली. ‘नेचर’साठी वालाचे स्फटिक तयार करणारी आणि घर चालवणाऱ्या वाचकाशी बोलणारी व्यक्ती एकच होती. पुढे या दोन भूमिका वेगळ्या झाल्या: संशोधन संस्थांकडे, शिक्षण अंगणवाडीकडे. 1975मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या सहा सेवांपैकी पोषण व आरोग्य शिक्षण ही एक आहे. ती देणाऱ्या अंगणवाडी सेविकेला मानधन मिळते, वेतन नव्हे. शास्त्राला मान आणि ते पोहोचवणाऱ्याला मानधन, ही विभागणी सोयीची असेल. न्याय्य म्हणता येणार नाही.

बंगळुरूत तो जुना प्रश्न अजून जिवंत आहे. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात अनुरा कुरपाड आणि सहकाऱ्यांनी 2018मध्ये मानवी शरीरात प्रथिनांची पचनीयता मोजण्याची दुहेरी समस्थानिकांची पद्धत प्रसिद्ध केली. जड पाणी देऊन वाढवलेल्या रोपांच्या दाण्यांतील प्रथिनांत ड्युटेरियम शिरते. असा दाणा शिजवून खाल्ल्यावर रक्तातील ड्युटेरियमयुक्त अमिनो आम्लांची तुलना कार्बन-13ने अंकित केलेल्या संदर्भ-प्रथिनाशी करतात. त्यावरून डाळीतील किती प्रथिने खरोखर अंगी लागली हे कळते. मुगाचे साल काढल्यावर पचनीयता वाढते, हे याच पद्धतीने दिसले. आजारातून उठलेल्याला सालीच्या मुगाऐवजी मूगडाळीची पातळ खिचडी देणाऱ्या घरांना या निष्कर्षाचे फारसे नवल वाटणार नाही. आकडा मात्र पहिल्यांदा हाती आला.

पोषणविज्ञानाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी 2021च्या कायद्याचा व्यावहारिक अर्थ असा: अभ्यासक्रमाची किमान पातळी, पदवीची मान्यता आणि नोंदवही या तिन्ही गोष्टी आता कायद्याच्या कक्षेत येतात. नोंदणीचे काम राज्य परिषदांकडे आहे आणि त्यांचा वेग राज्याराज्यांत वेगळा आहे. प्रवेश घेण्यापूर्वी आपल्या राज्यातील परिषदेची स्थिती आणि अभ्यासक्रमाची मान्यता पाहून घ्यावी. रुग्णालये, क्रीडासंस्था, अन्नसुरक्षा यंत्रणा, शालेय पोषण कार्यक्रम येथे कामाची क्षेत्रे आहेत. डाळीतील नायट्रोजन मोजणाऱ्या प्रयोगशाळाही आहेत, आणि तेथे अर्जदाराने संचालकांच्या दारात बसण्याची आता गरज पडत नाही.