मागचं पांढरं

पासपोर्टसाठी दिलेला माझा फोटो नापास झाला. कारण काय, तर मागची बाजू पांढरी नाही! बावीस वर्षं बँकेच्या काउंटरवर बसून 'हा फोटो चालणार नाही' म्हणत लोकांचे फॉर्म परत केले, त्याची ही व्याजासकट परतफेड होती. वास्तविक मी घरच्याच भिंतीपुढे उभा होतो. भिंत गेल्या दिवाळीत रंगवलेली, पांढरी स्वच्छ. रंगाऱ्याचं बिलसुद्धा आहे. पण फोटोत ती जुन्या पायपुसण्यासारखी आली.

शेवटी पेठेतल्या फोटोग्राफरकाकांना शरण गेलो.

"अहो, पांढरेपणा भिंतीत नसतो, उजेडात असतो," काका म्हणाले. "तोंडापेक्षा भिंतीवर उजेड थोडा जास्त पाहिजे. कमी पडला की पांढरी भिंतसुद्धा करडीच येणार. आणि भिंतीला चिकटू नका, सावली पडते. पाच-सहा फूट पुढे या."

"पुढे आलो की झालं?"

"कसं होईल? दिवा तुमच्याबरोबर पुढे आला ना! दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा नाही, चौथाई होतो. म्हणून भिंतीला दोन्ही बाजूंनी वेगळे दिवे."

मी कॉमर्सचा पदवीधर. अंतर दुप्पट आणि शिल्लक चौथाई, हा व्यवहार मला अजिबात पसंत पडला नाही.

"भिंतीवर भरपूरच उजेड पाडला तर?"

"तर तो उलटून कडा खातो. आधी केस जातील." काकांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि दयाबुद्धीने एक दिवा मंद केला.

दिवे लावता लावता त्यांनी इतिहास सांगितला. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हा फोटोला मिनिटंच्या मिनिटं लागत. पुढे तो वेळ कमी झाला, तरी मान हलू नये म्हणून मागे लोखंडी टेकू लावत. १८५१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवर निगेटिव्ह करण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि मागचं पुसायची सोय झाली. निगेटिव्हवर माणसाभोवती बारीक कुंचल्याने लाल रंग भरायचा. तिथून उजेड पलीकडे जात नाही, कागद कोरा राहतो. झालं पांढरं! आपल्या मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळचे नावाजलेले फोटोग्राफर. पण गिऱ्हाइकाला पांढरं नकोच असे. त्याला मागे रंगवलेला महाल हवा, खांब हवेत, बाग हवी. घर भाड्याचं का असेना, फोटोत कारंजं पाहिजे!

पांढऱ्याला खरा मान दिला तो अमेरिकेच्या रिचर्ड अॅव्हेडनने. १९७९ ते १९८४ अशी पाच-सहा वर्षं तो तिकडच्या पश्चिम भागात हिंडला. खाणकामगार, भटके, गुरांच्या धंद्यातली माणसं यांना त्याने उघड्यावर, पण सावलीत, पांढऱ्या कागदापुढे उभं केलं. दिवे नाहीत की महाल नाही. १९८५ मध्ये फोर्ट वर्थच्या संग्रहालयात ते फोटो लागले. मागे काहीच नाही, म्हणून बघणाऱ्याला त्या कष्टकऱ्याच्या तोंडाकडेच बघावं लागतं.

हे ऐकून मी भारावलो आणि खिशातून वडिलांचा फोटो काढला. ते गेल्या श्रावणात गेले. भिंतीवर लावायला फोटो हवा होता, आणि बरा असा हा एकच. गावच्या अंगणात खुर्चीवर बसलेले, मागे तुळस, दोरीवर त्यांचा पंचा.

"मागचं सगळं पांढरं करा," मी ऐटीत म्हणालो. काकांनी कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत केलं. लाल रंग नाही, कुंचला नाही.

घरी आईने तो फोटो बराच वेळ न्याहाळला.

"चांगला आहे रे. पण हे बसलेत कुठे?"

मला उत्तर देता येईना. पंचावन्न वर्षं ज्या अंगणात तिने सडा घातला, ते मी दहा मिनिटांत पुसून आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी मूळचाच फोटो मोठा करून दिला. आधीच्या कामाचे पैसे घेतले नाहीत. माझा पासपोर्टचा फोटो पास झाला. त्यात मी कुठे उभा आहे, हे कुणालाही कळत नाही आणि कुणी विचारतही नाही.

वडिलांना हार घालताना आई मात्र अधूनमधून दोरीकडे बघते आणि म्हणते, "पंचा वाळला असेल हो एव्हाना."