भात राखून तण मारणं: भाजावळीपासून पंपापर्यंत

लावणी आटोपली की फोन सुरू होतात, "तणावर काय मारू? पण भाताक लागता नये हां." या प्रश्नातला दुसरा भाग खरा कठीण. नुसतं तण मारायचं तर खाडीचं खारं पाणी बांध फोडून मळ्यात शिरलं तरी मरतं, पण त्यात भातही जातं. एकाला मारायचं आणि शेजारच्याला राखायचं, ही निवड आपल्या कोकणात औषधं यायच्या फार आधीपासून चालू आहे. आज तेच लिहितो.

पहिली निवड आगीची. तरव्याच्या जागेवर शेण, कवळं, पातेरा पसरून वर माती टाकायची आणि उन्हाळ्यात भाजायचं. आपण भाजावळ म्हणतो, ठाणे-रायगडकडे राब म्हणतात. राख खत म्हणून उपयोगी पडतेच, पण वरच्या थरातलं तणाचं बी जळतं हे मोठं काम. भात त्यानंतर पेरायचं, म्हणजे आग फक्त तणालाच लागते. इंग्रजांच्या वनखात्याला मात्र त्यात फक्त तोडलेल्या फांद्या दिसल्या. जंगलाच्या हक्कांवरून, त्यात राबाच्या टाळावरूनही, ठाणे-कुलाब्यात इतकी तक्रार वाढली की मुंबई सरकारला 1885 मध्ये वन आयोग नेमावा लागला. शेतकरी अडाणी म्हणून जाळतो असं समजणारे साहेब तेव्हाही होते!

दुसरी निवड चिखलाची. लावणी आपण उत्पन्नासाठी करतो असं वाटतं, पण ते तणाचंही औषधच आहे. चिखलणीत उगवलेलं तण गाडलं जातं, वर पाणी साचलं की बरंचसं बी उगवत नाही, आणि तीन-चार आठवड्यांचा तरवा तणाच्या पुढे निघून गेलेला असतो. पुढचं औषध याच अंतरावर चालतं, हे लक्षात ठेवा.

तिसरी निवड बायकांच्या हाताची, म्हणजे बेणणी. पुरुष माणूस मुंबईत गिरणीत, शेत बाईच्या कमरेवर. पावसात डोक्यावर इरलं घेऊन, वाकून, ओळीओळीने. सावा लहानपणी हुबेहूब भातासारखा दिसतो. आमची आये सांगायची, "पान वडून बघ, जीब नाय तर उपट." भाताच्या पानाच्या सांध्यात पातळ पांढरी जीभ असते, सावाच्या पानाला ती नसते. हीच खूण आज शास्त्राच्या पुस्तकातही आहे. आता गंमत बघा. हजारो वर्षं माणूस भातासारखं न दिसणारं गवत उपटत आला, त्यामुळे जे भातासारखं दिसत होतं तेच मागे राहिलं आणि त्याचंच बी पडलं. आशियात सावाचा एक प्रकार असाच भाताचं सोंग घेऊन तयार झाला, असं शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे आपण तणाची निवड करत होतो, तेव्हा आपल्या डोळ्याला फसवणारं तणही आपणच निवडत होतो.

मग आलं औषध. 2,4-डी हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी पुढे आलं, बरंचसं गुपचूप, आणि 1945 पासून बाजारात. वनस्पतीच्या वाढीच्या रसायनाची ते नक्कल करतं. रुंद पानाचं झाड वेडंवाकडं पिळवटून मरतं, गवताच्या जातीचं पीक तरतं. भात गवतच, म्हणून राहतं. पण सावाही गवतच, म्हणून तोही राहतो! शिवाय वाऱ्यावर उडालेला फवारा मेरेवरच्या तवशी-दोडक्याला, परड्यातल्या वांगी-मिरचीला सोडत नाही. आमच्या वाडीत एकाने वारा न बघता मारलं आणि शेजारणीचा तवशीचा वेल दोन दिवसांत गुंडाळला गेला. बोलणी अजून बंद आहेत.

गवतातून गवत निवडणारं औषध 1960 च्या सुमारास आलं, प्रोपॅनिल. भाताच्या अंगात ते फोडणारं एक द्रव्य आहे, सावात ते जेमतेम. काय सुंदर निवड! पण अमेरिकेत अर्कान्सासमध्ये वर्षानुवर्षं तेच मारलं, आणि 1990 च्या सुमारास ते पचवणारा सावा शेतात उभा राहिला. बाईच्या डोळ्याला फसवलं तसंच बाटलीलाही.

आपल्याकडे ब्युटाक्लोर जास्त चाललं. ते उगवत्या बियांना मारतं, मोठ्या रोपाला सहसा नाही. वर सांगितलेलं अंतर ते हेच. लावणीनंतर पहिल्या आठवड्यात, गुंठ्याला साधारण 30 मिली (50 टक्के ईसी), आणि शेतात पातळ पाणी टिकलं पाहिजे. आपल्या पावसात कोपऱ्यावरून पाणी उतू गेलं की पैसेही वाहून गेले. बिस्पायरीबॅक नंतरचं, तण दोन-चार पानांवर असताना. त्याला उलट पाणी उतरवून तण उघडं करावं लागतं. एकाची रीत दुसऱ्याला लावू नका.

ग्लायफोसेटची गोष्ट वेगळी. 1974 मध्ये बाजारात आलेलं हे औषध हिरवं दिसेल ते मारतं. तिथे निवड औषध करत नाही, पंपवाला करतो. आंबा-काजूच्या बागेत नोझलला हूड, कोवळ्या कलमापासून लांब, वारा पडलेला असताना. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंच्या सगुणा भात तंत्रात नांगरट, चिखलणी, लावणी तिन्ही सोडली. साहजिकच चिखलाने केलेली निवड तणनाशकावर आली. मजूर नसलेल्या गावांना ते पटलं, कारण पर्याय बेणणी आणि औषध एवढाच नाही, शेत पड टाकणं हा तिसरा पर्याय आपल्याकडे रोज दिसतो. पण ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारने माणसांच्या आणि जनावरांच्या आरोग्याचं कारण देऊन आदेश काढला, की ग्लायफोसेट फक्त कीड नियंत्रण चालकांमार्फतच वापरायचं. आमच्या पंचक्रोशीत असा चालक मी पाहिलेला नाही. कायदा झाला, माणूस नाही. निवड कोणी करायची हा प्रश्न परत आपल्या दारात.

मी ब्युटाक्लोर वापरतो, लपवत नाही. दोन बायका मिळाल्या की राहिलेल्या सावासाठी एक बेणणी करतो, कारण औषधातून वाचलेला सावा बी धरायच्या आत उपटायला हवा. मेरेवर मात्र पंप नेत नाही. तिथे टाकळा असतो, कुर्डू असतं, श्रावणात ताटात येणारी भाजी. बेणणाऱ्या बाया तेवढं हाताने राखून पुढे जातात. तेवढी निवड करणारी बाटली अजून दुकानात आलेली नाही.